खराब रस्त्यासाठी १६ इंची अलॉय काढून १५ इंची चाकं टाकू का? टायर साइजबद्दल अनुभव सांगा

पाचलकर:

नमस्कार मंडळी. नोकरी कोल्हापुरात, गाव राजापूर तालुक्यात पाचलच्या पुढं. महिन्यातून दोनदा तरी मलकापूर, अणुस्कुरा घाट, पाचल असं जाणं येणं असतं, आईची तपासणी कोल्हापुरात असते त्यामुळं पाऊस कितीही असला तरी खाडा करून चालत नाही. वरच्या बाजूला ऊसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा फोडलेल्या आणि खाली उतरलं की घराकडचा शेवटचा तुकडा जांभ्याचा, कातळ वर आलेला, पावसात त्यावर पाणी साचलं की खड्डा बोटभर आहे का वीतभर ते कळत नाही.

गाडी हॅचबॅक, टॉपचं मॉडेल, टायर १९५/५५ आर १६, कंपनीचे अलॉय (मिश्रधातूच्या रिम). अडीच वर्षांत तीन टायरला साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) फुगे आले, एक अलॉय आतल्या बाजूनं तडकला. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, आणि वॉरंटीत विचारलं तर आदळून झालेलं नुकसान त्यात धरत नाहीत असं सांगितलं. गाडीला दोष देत नाही, गाडी चांगलीच आहे, पण माझ्या रस्त्याला ती चाकं झेपत नाहीत एवढं नक्की.

जुलैमध्ये रात्री नऊ साडेनऊला घाट उतरून खाली आलो आणि पाणी भरलेल्या खड्ड्यात मागचं डावं चाक आदळलं, आवाजच असा झाला की आई झोपेतनं दचकून उठली. टायर खल्लास. पावसात मोबाईलच्या उजेडात स्टेपनी लावली, एका टेम्पोवाल्यानं थांबून छत्री धरली म्हणून जमलं. स्टेपनी बघितली तर ती १८५/६५ आर १५, साध्या स्टीलच्या डिस्कवर (रिमवर). तेवढ्यावरच घरी गेलो आणि आई, जी मागं डावीकडंच बसते, ती म्हणाली आज तुझी गाडी कमी आदळली का रे. तेव्हापासनं डोक्यात हेच आहे की चारही चाकं तीच का टाकू नयेत? खालच्या मॉडेलला कंपनी तीच साइज देते. कुणी केलंय का? ब्रेक, स्पीडोमीटर, इन्शुरन्स, काय काय बघायचं?

काळी_माती:

पाचलकर, आमच्याकडं परभणी जिंतूर भागात काळ्या जमिनीवरचे रस्ते, डांबर नवीन असलं तरी एका पावसाळ्यात जमीन फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, रस्ता लाटालाटांचा होतो, मध्येच अर्धा फूट खचलेला. माझी स्विफ्ट खालच्या मॉडेलची, १६५/८० आर १४. पहिला सेट साठ हजार चालला अन् दुसरा आत्ता तीसच्या पुढं गेलाय, एकदाही फुगा नाही. डिस्क दोनदा वाकली, पंक्चरवाल्यानं ठोकून सरळ करून दिली, शंभर दोनशे रुपयात काम झालं. माझ्या मेव्हण्याची तीच गाडी वरच्या मॉडेलची, १८५/६५ आर १५ अलॉय, त्याचाही टायर कधी फुगला नाही पण अलॉयच्या कडेला चांगलेच टवके आहेत. मी म्हणतो टाका बिनधास्त.

मेकॅनिकल_मुलगी:

बिनधास्त टाकण्याआधी हिशोब करून बघू, सोपा आहे, प्रत्येकानं एकदा स्वतः करून बघावा म्हणून सविस्तर लिहिते.

१९५/५५ आर १६ म्हणजे टायर १९५ मिलिमीटर रुंद, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, आणि आतली रिम १६ इंच. म्हणजे साइडवॉल १०७ मिमी. एक इंच २५.४ मिमी, म्हणून रिम ४०६.४. दोन्ही बाजूंच्या साइडवॉल मिळवल्या की चाकाचा पूर्ण व्यास ६२०.९ मिमी.

आता १८५/६५ आर १५: साइडवॉल १२०, रिम ३८१, पूर्ण व्यास ६२१.५ मिमी.

चाक बाहेरून एक मिलिमीटर सुद्धा बदललं नाही म्हणा ना, पण रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबर आणि हवा १३ मिमीनं वाढली. स्पीडोमीटर, ओडोमीटर, एबीएस, गिअरिंग सगळं जसंच्या तसं. कंपनीनं एकाच गाडीला दोन साइज द्यायच्या म्हणून हे जुळवलेलंच असतं. स्विफ्टचंही तेच, १६५/८० आर १४ ला ६१९.६ आणि १८५/६५ आर १५ ला ६२१.५.

फुगा का येतो तेही सांगते, कारण त्यातच तुमचं उत्तर आहे. रेडियल टायरच्या साइडवॉलमध्ये पॉलिएस्टरच्या दोऱ्यांचा थर असतो, हवेचा दाब तोच धरून ठेवतो. खड्ड्याची कड लागली की टायर दबतो, आणि दबता दबता साइडवॉल खड्ड्याची कड आणि रिमची कड या दोघांत चिमटते. दोरे तुटतात, रबर तुटत नाही. मग त्या जागी हवेला अडवायला नुसतं रबर उरतं आणि ते बाहेर फुगतं. साइडवॉल जेवढी उंच तेवढं दबायला अंतर जास्त, चिमटा बसायची वेळ उशिरा येते. आणि आपल्याकडे मार बहुतेक खड्ड्याच्या कडेचा, त्यामुळे १३ मिमी ऐकायला कमी वाटले तरी पुष्कळ खड्डे त्या १३ मिमीतच निभावतात.

एक गोष्ट मात्र प्रेमानं सांगते, स्टेपनी लावल्यावर आईंना कमी हादरे लागले यात तुमचा स्पीड कमी होता हेही धरा. त्या प्रसंगानंतर तुम्ही नक्कीच वीस तीसनं गेला असाल.

पाचलकर:

हो, खरंय, वीसनंच गेलो. आणि हिशोबाबद्दल मनापासून आभार, मी आत्ता वहीत माझ्या टायरचा स्वतः करून बघितला आणि बरोबर आला.

साताऱ्याचा_टायरवाला:

दुकान हायवेला आहे, चौदा वर्षं हाच धंदा. असं चाक बदलायला येणारं गिऱ्हाईक आता वाढलंय, आधी सगळे मोठं टाकायला यायचे. पाचलकर, तुम्हाला मी काय करायला सांगेन ते लिहितो.

पहिलं म्हणजे तुमची स्टेपनी मागच्या चाकाला बसली म्हणजे पुढं बसेलच असं नाही. पुढं डिस्क ब्रेक असतो, त्याचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) रिमला आतून घासतो का बघायचं. टॉप मॉडेलला ब्रेकची डिस्क मोठी असू शकते. म्हणून पैसे द्यायच्या आधी स्टेपनी पुढच्या दोन्ही बाजूला लावून, स्टिअरिंग पूर्ण डावीकडं उजवीकडं फिरवून, हातानं चाक फिरवून बघा. पेट्रोलचा खर्च नाय, फक्त जॅक लावायचा.

दुसरं, चाकाच्या डिस्क कंपनीच्याच साइजच्या घ्या. चार नटाचं पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचं माप, बहुतेक छोट्या गाड्यांना ४ बाय १०० असतं म्हणून लोकांना वाटतं सगळंच सगळ्याला बसतं. मधलं भोक आणि ऑफसेट (चाक आत बाहेर किती बसतं ते माप) जुळला पाहिजे. मधलं भोक मोठं असलं तर चाक नटावर लटकतं, ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंग करून करून थकतो. बाहेरचे अलॉय घेतले तर मधल्या भोकातली फट भरणारी बरोबर मापाची हब रिंग टाकून घ्या. अलॉयचे नट आणि स्टीलचे नट काही गाड्यांत वेगळे असतात, बैठक जुळते का बघा. आणि चाकं बदलल्यावर पन्नास शंभर किलोमीटरनं नट परत आवळायचे, हे दहातले नऊ लोक विसरतात.

तिसरं, टायरवर साइजच्या पुढं जो आकडा असतो, ८७, ८८ वगैरे, तो लोड इंडेक्स. ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो, ८८ म्हणजे ५६०. १९५/५५ आर १६ साधारण ८७ चा येतो आणि १८५/६५ आर १५ हा ८८ चा, म्हणजे तुम्ही खाली येऊनही वजन जास्तच झेपतंय. पुढचं अक्षर स्पीडचं, टी १९०, एच २१०. आपल्याला दोन्ही पुष्कळ.

चौथं, साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचून घ्या. १२२५ असेल तर २०२५ सालचा बारावा आठवडा. माल किती जुना हे त्याच्यात कळतं आणि ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे, दुकानदाराला राग यायचं कारण नाय.

आणि हात जोडून एक सांगतो, तडकलेला अलॉय वेल्डिंग मारून वापरू नका. वेल्डिंगच्या शेजारी परत तडकतो आणि ते कधी, ते सांगून होत नाही. आई बसते ना मागं.

गिट्टीरोड:

सर्वांना नमस्कार, गडचिरोलीवरून लिहितो. आरोग्य शिबिराची गाडी चालवतो, बोलेरो, २१५/७५ आर १५. आलापल्ली, भामरागड, सिरोंचा अशी फिरती रायते. मॅडमनं सांगितलेला हिशोब केला तर आमची साइडवॉल १६१ मिमी निघाली बाप्पा, आता समजलं का बोलेरोवाले खड्ड्याला का घाबरत नाहीत.

पण आमचा त्रास निराळा आहे. तुमच्याकडं खड्ड्याची कड, आमच्याकडं गिट्टी. रस्त्याचं काम सुरू करतात, फोडलेली काळी गिट्टी पसरवून ठेवतात आणि तीवरनं महिने महिने जावं लागते. त्या गिट्टीला धार रायते. तिथं उंच साइडवॉल असून बी साइडला कट बसते, कट बसला की पंक्चरची बत्ती काही कामाची नाही. त्याला उपाय साइज नाही, उपाय असा का दुसऱ्या गाडीनं पाडलेल्या चाकोरीतून चाला, गिट्टीवर ब्रेक मारून चाक घासू देऊ नका, आणि साइडवॉलचं रबर जाड असलेला टायर घ्या.

आणि हवा. आमच्या इथले बरेच जण गाडी मऊ चालावी म्हणून हवा पंचवीस ठेवतात. ते चुकीचं आहे भाऊ. हवा कमी असली का टायर लवकर दबते आणि मग तो चिमटा ज्याबद्दल मॅडम सांगतात तो अजून लवकर बसते. चिखलात फसली तर हवा काढा, निघाली का परत भरा. पंप गाडीतच ठेवा, बारा व्होल्टवाला.

समृद्धीवरून:

मी वेगळं मत मांडतो. मी संभाजीनगरहून नागपूरला महिन्यातून दोनदा समृद्धीनं जातो. १२० ची परवानगी आहे, रस्ता काँक्रीटचा आणि तासन् तास एकाच वेगानं. तिथं १६ इंची ५५ प्रोफाइलची गाडी जी बसून चालते ती १५ इंची ६५ मध्ये मिळत नाही, लेन बदलताना फरक जाणवतो, टायर किंचित डुलतो. फक्त गावच्या शेवटच्या पाच किलोमीटरसाठी सगळी गाडी बदलायची का? हळू चालवा की.

काळी_माती:

हळू चालवून बी लागतं हो. पाणी भरलेला खड्डा दिसतच नाही तर हळू कुठं करणार.

मेकॅनिकल_मुलगी:

समृद्धीवरून यांचं म्हणणं खोटं नाही. उंच साइडवॉल वळणावर जास्त वाकते, स्टिअरिंगचा प्रतिसाद थोडा संथ होतो, हे मान्य करूनच निर्णय घ्यायचा. पण त्यावरून उंच साइडवॉल हायवेवर धोक्याची असं कुणी समजू नये. कंपनी तीच गाडी त्याच इंजिनसह १८५/६५ आर १५ वर विकते, तिला समृद्धीवर बंदी नाही.

समृद्धीवर टायर फुटतात त्यात कमी हवा हे मोठं कारण. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकली की तापते, आणि थांबा न घेता शंभर सव्वाशेनं दोन तास गेलं की ती उष्णता निघायला वाव मिळत नाही. त्यात आधीच कुठेतरी खड्ड्यात मार खाल्लेला टायर असेल, आतले दोरे अर्धे तुटलेले, बाहेरून काहीच दिसत नाही, तो तिथं जीव सोडतो. गावच्या रस्त्यानं केलेली जखम अशी हायवेवर उघडी पडते. म्हणून खराब रस्ता आणि समृद्धी दोन्ही करणाऱ्यांनी हायवेला लागण्याआधी चारही टायरवरून, आतल्या बाजूनंसुद्धा, हात फिरवून बघाच.

हवा थंड टायरमध्ये, सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजायची. दाराजवळच्या स्टिकरवर जो आकडा असेल तो, आणि पाच माणसं सामान असेल तर त्यावरच दिलेला फुल लोडचा. चालून गरम झाल्यावर तीन ते पाच पीएसआय वाढलेली दिसते, ती काढून टाकू नका, ती वाढणार हे धरूनच आकडा दिलेला असतो. नायट्रोजन भरला तरी तपासणं चुकत नाही.

पाचलकर:

माझं ऐंशी टक्के चालवणं घाट आणि गाव असंच आहे, समृद्धीला वर्षातनं एकदा. त्यामुळं माझ्यापुरता प्रश्न सुटत आलाय. पण एक विचारतो, १६ ची रिम ठेवून टायरच उंच टाकला तर? १९५/६० आर १६ मिळतो म्हणे. अलॉय विकायला जीवावर येतंय, आईनंच गाडी घेताना पसंत केले होते.

मेकॅनिकल_मुलगी:

१९५/६० आर १६ ची साइडवॉल ११७, म्हणजे जवळजवळ १० मिमी वाढ. पण पूर्ण व्यास ६४०.४, तुमच्या मूळ चाकापेक्षा तीन टक्क्यांहून थोडा जास्तच. तीन टक्क्यांच्या आत राहावं असं साधारण धरतात. गाडी दहा मिमी उचलली जाईल हा फायदा, पण काटा १०० दाखवेल तेव्हा चाक १०३ चं काम करत असेल, पिकअप किंचित मंदावेल, आणि मुख्य म्हणजे पूर्ण स्टिअरिंग फिरवून खड्ड्यात चाक वर गेलं की आतल्या प्लॅस्टिकला घासायची शक्यता. मी घेणार नाही.

१६ ठेवायचंच असेल तर त्याच साइजमध्ये एक्सएल लिहिलेला टायर बघा, ९१ लोड इंडेक्सचा. तो जास्त हवा आणि जास्त वजन पेलायला मजबूत बनवलेला असतो, थोडा कडक चालतो. अलॉय वाचवायची इच्छा असेल तर हा मधला मार्ग आहे, पण साइडवॉल १०७ च राहते हे विसरू नका.

साताऱ्याचा_टायरवाला:

मॅडमशी सहमत. ६० टाकून घासत परत आलेली दोन गिऱ्हाइकं माझ्याकडं आहेत.

इन्शुरन्सचं म्हणाल तर तुमच्याच मॉडेलला कंपनी जी साइज देते तीच टाकताय, दाराच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात ती छापलेली असते, त्याचा फोटो आणि बिल जपून ठेवा. एजंटला एक मेल टाकून ठेवला तर उत्तम. कंपनीनं न दिलेली साइज टाकणाऱ्यांनी मात्र आधी लेखी विचारावं.

वळणावरची_वैदेही:

मध्येच विचारते, राग मानू नका. आम्ही नवीन गाडी बघतोय, माहेर आंबोलीजवळ. क्रेटा पसंत आहे, खालच्या मॉडेलला २०५/६५ आर १६ आणि वरच्याला २१५/६० आर १७. धागा वाचून यांना म्हटलं १७ नको, तर हे म्हणतात एवढं काही नसतं. काय करावं?

मेकॅनिकल_मुलगी:

इथे तुमच्या ह्यांचं बरोबर आहे. २०५/६५ आर १६ ची साइडवॉल १३३, २१५/६० आर १७ ची १२९. चारच मिमीचा फरक, आणि १७ वाल्याचा पूर्ण व्यास ६९० च्या आसपास, १६ वाल्याचा ६७३. रिमचे इंच बघून घाबरू नका, साइडवॉलचे मिलिमीटर काढा. १७ इंची रिमवर १२९ मिमी रबर असलेली एसयूव्ही पाचलकरांच्या १६ इंची हॅचबॅकपेक्षा खड्ड्याला कितीतरी जास्त पुरते. बाकी फीचर्स बघून ठरवा.

फक्त स्टेपनी बघून घ्या. वरच्या मॉडेलला स्टेपनी बऱ्याचदा लहान साइजची देतात, ती ८० च्या आत, तात्पुरती. आणि २०२० मध्ये नियम बदलल्यापासून टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट दिलं तर छोट्या गाडीला स्टेपनी न देण्याची मुभा कंपन्यांना आहे. आंबोलीला रात्री साइडवॉल फाटली तर किट काहीच करू शकत नाही. कुठलीही गाडी घ्या, डिकी उघडून स्टेपनी डोळ्यांनी बघितल्याशिवाय बुकिंग करू नका.

वळणावरची_वैदेही:

हे शोरूममध्ये कुणीच सांगितलं नाही. उद्याच बघते. खूप आभार.

पर्थकर:

पर्थहून. इथे शहर सोडून आत गेलं की शेकडो किलोमीटर कच्चा खडीचा रस्ता, पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या, त्यावर सगळे हवा कमी करून जातात आणि डांबर लागलं की भरतात. पण गिट्टीरोड भाऊंनी लिहिलं ते आपल्याकडे जास्त लागू, कारण इथे तो रस्ता सलग खराब असतो आणि टायर ७० ते ८५ प्रोफाइलचे जाड. आपल्याकडे खड्डा, चांगला रस्ता, स्पीडब्रेकर, परत खड्डा असं असतं, दर दोन किलोमीटरला हवा कोण काढणार आणि भरणार. सोलापूरला गेलो की मी भावाच्या गाडीत स्टिकरचाच आकडा ठेवतो. हॅचबॅकला ऑल टेरेन टायर टाकायच्या भानगडीत पडू नका एवढं सांगतो, जड असतात, आवाज करतात, ॲव्हरेज खातात, आणि तुमचा प्रश्न पकडीचा नाहीच आहे.

पाचलकर:

मंडळी, चार महिन्यांनी अपडेट देतोय, उशिराबद्दल माफी.

स्टेपनी पुढं दोन्ही बाजूला लावून बघितली, उजव्या डाव्या दोन्हीकडं बोट जाईल एवढी जागा राहिली, घासत नव्हती. मग त्याच मापाच्या चार स्टीलच्या डिस्क घेतल्या, टायर १८५/६५ आर १५, ८८ एच, तारीख बघून घेतले, माल दोन महिन्यांचा होता. पन्नास किलोमीटरनं नट आवळायला गेलो तर एक नट खरंच पाऊण फेरा फिरला, टायरवाले दादा, तुमची आठवण काढली.

गाडी दिसायला साधी झाली हे खरं. मलकापूरच्या पुढच्या वळणांवर पहिले दोन दिवस स्टिअरिंग थोडं सैल वाटलं, आता हाताला सवय झाली. आदळण्यात फरक आहे, आणि तो आवाजात जास्त कळतो, आधी खड्ड्यात टण् असा धातूचा आवाज यायचा, आता धप् असा रबराचा येतो. दिवाळीत घराकडच्या जांभ्याच्या चढावर एकदा चांगला मार बसला, उतरून हात फिरवून बघितलं, फुगा नाही. एक डिस्क किंचित वाकली, पाचललाच ठोकून घेतली. नवीन साइजचीच स्टेपनी असल्यामुळं आता पाचही चाकं एकसारखी आहेत, पंक्चर झालं तर ८० च्या आत रांगत जायची गरज नाही, ह्याचा विचार मी आधी केलाच नव्हता.

अलॉय चारही पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलेत. तडकलेल्यावर खडूनं फुली मारलीय, चुकून कुणी विकत घेऊन वापरू नये म्हणून.

साताऱ्याचा_टायरवाला:

झकास. दहा हजारला चाकं पुढची मागं फिरवून घ्या, आणि ती वाकलेली डिस्क पुढं आणू नका, मागंच राहू दे. बॅलन्सिंग केलं का तिचं?

पाचलकर:

नाही केलं. शनिवारी आईला आणायला निघायच्या आधी करून घेतो.